साउथ पार्कमधली यानागापा जमात : नेम बाईंवर, जखम कोणाला?

रानजाई

'साउथ पार्क' ही अमेरिकन विडंबनाची कार्टून मालिका बघणारे इथे बरेच आहेत, म्हणून हा धागा काढतेय. तिसऱ्या सीझनचा पहिला भाग, 'रेनफॉरेस्ट श्मेनफॉरेस्ट', परवा पुन्हा बघितला. एप्रिल १९९९मधला. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: 'पर्जन्यवन वाचवा' म्हणत गाणी गात फिरणारं शाळकरी मुलांचं एक पथक असतं. मालिकेतली आपली चारही कार्टी आगाऊपणाची शिक्षा म्हणून त्यात ढकलली जातात आणि मिस स्टीव्हन्स नावाच्या बाईंबरोबर कोस्टारिकाला पोचतात. (बाईंचा आवाज जेनिफर अ‍ॅनिस्टनचा आहे.) जंगलात शिरतात न शिरतात तोच वाटाड्या सापाच्या तोंडी जातो, पुढे बंदूकवाले बंडखोर भेटतात, रस्ता चुकतो, आणि शेवटी यानागापा नावाची जमात सगळ्यांना पकडून बांधून ठेवते. सोडवायला येतात ते जंगल तोडणारे बुलडोझरवाले. मग बाई तिथल्या तिथे पक्ष बदलतात, आणि जे पथक जंगल वाचवा म्हणून गात होतं तेच आता जंगल पाडा म्हणून गातं.

बाईंवरचा विनोद मला फार आवडतो. जंगल कधी बघितलेलं नाही, तिथल्या माणसाशी कधी बोललेलं नाही, पण त्याच्यावर गाणं तयार! ही नस लेखकांनी बरोबर पकडली आहे. पण यानागापा पडद्यावर आले की माझं हसू थांबतं. अर्धनग्न, हातात भाले, आल्यागेल्याला बांधायचं आणि बाईला जमातीतल्या एका धिप्पाड माणसाच्या गळ्यात बांधायची तयारी करायची, एवढंच त्यांचं काम. अशी जमात कोस्टारिकात नाही, कुठेच नाही. मग काल्पनिक आहे म्हणून माफ? की काल्पनिक जमात घेण्याची सोयच ही, की कोणी जाब विचारायला येत नाही?

चकली_बहाद्दर

केनीला (चौघांतला, भागाभागात मरणारा) वीज लागते आणि पथकातली केली नावाची मुलगी त्याला तोंडाने श्वास देऊन परत आणते, तोच भाग ना? एरवी केनीचा मुडदा टाकून सगळे पुढे जातात, इथे पहिल्यांदा कोणीतरी वाचवायचं मनावर घेतं. मला तेवढंच आठवतंय, पण पक्कं आठवतंय.

शंकासुर

रानजाई, साउथ पार्कचा नियम एकच: कोणालाही सोडायचं नाही. ख्रिश्चन, ज्यू, मुसलमान, कॅनडावाले, हॉलिवूडवाले, सगळे झाले. मग जंगलातल्या जमातीलाच काचेच्या कपाटात का ठेवायचं? मला तर वाटतं, त्यांना वगळणं हाच खरा अपमान झाला असता. शिवाय तो भाग मुळी जमातीबद्दल नाहीच. अमेरिकन माणसाच्या डोक्यात जे जंगल आहे त्याची ती टिंगल आहे. बाईंच्या डोक्यातला आदिवासी देवमाणूस असतो आणि प्रत्यक्षात भेटतो तो भालेवाला. विनोद बाईंच्या भ्रमावर आहे.

रानजाई

@शंकासुर, 'सगळ्यांची टिंगल' हे मान्य. पण टिंगल करायलाही समोर माणूस लागतो. कॅनडावाल्यांत टेरन्स आणि फिलिप ही मालिकेतली विनोदी जोडी आहे, त्यांना चेहरा आहे, स्वभाव आहे, त्यांची म्हणून एक बडबड आहे. यानागापांमधला एक तरी माणूस नावाने आठवतोय का? बाईंना नाव आहे, गाणं आहे, त्यांचं मतपरिवर्तनसुद्धा होतं. वाटाड्यालाही मरण्यापुरतं पाब्लो हे नाव मिळतं. जमातीला मिळालंय फक्त जमातीचं नाव. आणि 'प्रत्यक्षात भेटतो तो भालेवाला' हे वाक्य पुन्हा वाचा. ते प्रत्यक्ष कुठलं? तेही लेखकांच्या डोक्यातलंच.

फ्रेमबायफ्रेम

मी अ‍ॅनिमेशनमध्ये काम करतो, म्हणून कामाच्या बाजूने सांगतो. साउथ पार्कचा एक भाग साधारण आठवडाभरात लिहून, रंगवून, आवाज भरून तयार होतो. कागद कापून चिकटवल्यासारखं दिसतं, पण पहिला भाग सोडला तर ते संगणकावरच केलेलं असतं. इतक्या घाईत गर्दी कशी बनते? एक अंग काढायचं, त्याचे रंग बदलायचे, केस बदलायचे, दहा-पंधरा प्रती मागे उभ्या करायच्या. साउथ पार्क गावातली गर्दीही अशीच बनते. पण त्या गर्दीत आपल्याला ओळखीचे चेहरे दिसतात कारण ते आधीच्या भागांतून आलेले असतात. नवीन जमात एका भागापुरती बनवायची म्हटली की ज्याच्या हाताखाली जे चित्र तयार असतं तेच बाहेर पडतं, आणि ते चित्र असतं जुन्या जंगलपटांतलं. मी स्वतः एका जाहिरातीसाठी 'जंगली लोक' काढून द्या अशी मागणी ऐकली आहे. कुठले लोक, कुठलं जंगल, असं विचारल्यावर समोरून उत्तर आलं, जनरल. हे 'जनरल' आमच्या धंद्यात फार चालतं.

घाई हे कारण झालं, सबब नव्हे. डिझाइनच्या कागदावर एका माणसाला पायात रबरी बूट घालायला पाच मिनिटं लागत नाहीत.

अण्णा_डोंबिवलीकर

कोस्टारिकाबद्दल थोडं. या देशाला सैन्यच नाही. १९४८च्या यादवीनंतर होसे फिगेरेसने सैन्य बरखास्त केलं आणि १९४९च्या राज्यघटनेत तशी तरतूद झाली. आजूबाजूच्या निकाराग्वा, एल साल्वादोर, ग्वाटेमालात यादवी पेटलेली असताना हा देश त्यातून बराचसा बाहेर राहिला. त्यामुळे कोस्टारिकाच्या जंगलात बंडखोर दाखवणं म्हणजे लॅटिन अमेरिका हा एकच मोठा देश आहे असं समजणं.

आणि जंगल. १९४०च्या दशकात देशाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली होता. गुरांसाठी कुरणं आणि केळीच्या बागा यांच्यापायी १९८०च्या दशकापर्यंत तो पाव भागाच्या आसपास आला. मग १९९६चा वनकायदा झाला, झाडं राखणाऱ्या जमीनमालकाला सरकारकडून पैसे मिळू लागले, त्यासाठी इंधनावरच्या करातला हिस्सा बाजूला काढला गेला. आज निम्म्याहून जास्त देश पुन्हा हिरवा आहे. हा भाग १९९९ला आला तेव्हा ही योजना चालू झालेली होती.

सापाबद्दलही लिहायचंच आहे. तिथला भीतिदायक साप म्हणजे तेर्सिओपेलो. सर्पदंशाच्या बहुतेक गंभीर घटना त्याच्याच. पण कोस्टारिका विद्यापीठाची क्लोदोमिरो पिकादो संस्था १९७०पासून विषावरची लस बनवते आणि आजूबाजूच्या देशांनाही पुरवते. माणूस गिळून टाकणारा साप मात्र त्या देशात नाही.

चकली_बहाद्दर

अण्णा, त्या भागात साप पाब्लोला गिळून दुसऱ्या बाजूने बाहेरही काढतो. लस कितीही चांगली असली तरी त्या अवस्थेत कुठे टोचणार?

तारपा

बरेच दिवस फक्त वाचत होतो, या धाग्यावर लिहावंसं वाटलं.

मी वारली आहे, डहाणूकडचा. आश्रमशाळेनंतर शहरातल्या शाळेत आलो. गॅदरिंगला 'आदिवासी नृत्य' बसवलं होतं. बाई म्हणाल्या, तू पुढे उभा राहा, तुला तर येतच असेल. कमरेला आंब्याचे डहाळे, तोंडाला कोळसा, डोक्याला रंगवलेली कोंबडीची पिसं, गालावर चुन्याचे ठिपके. गाणं हिंदी सिनेमातलं, त्यात झिंगालाला हुर्र हुर्र. आमच्याकडे यातलं काहीही नाही. आमचा नाच तारप्यावर होतो. तारपा म्हणजे वाळवलेला भोपळा, त्याला बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानाचा लांब कर्णा. वाजवणारा मधे असतो, बाकीचे एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्याभोवती फेर धरतात आणि त्याच्याकडे कोणी पाठ करत नाही. तो सूर बदलतो तशी पावलं बदलतात. भात कापून झालं की रात्र रात्र चालतो. मला हे येत होतं, चांगलं येत होतं. कोणी विचारलं नाही.

त्या दिवशी टाळ्या खूप पडल्या. बाई वाईट नव्हत्या, मला पुढे उभं करून माझा मान केला असंच त्यांना वाटत होतं. म्हणून मिस स्टीव्हन्स मला अगदी ओळखीची वाटली. आणि यानागापाही ओळखीचे वाटले, कारण तो कोळसा मी फासून बघितला आहे.

शंकासुरभाऊ, तुमचं म्हणणं मला कळतं. आमची टिंगल करू नका असं मी म्हणत नाही. आमच्याकडे लग्नात आम्ही एकमेकांची इतकी टिंगल करतो की पाहुणे लाजतात. पण ती आमची असते. तुमच्या डोक्यातल्या आदिवासीची टिंगल करून ती माझ्या नावावर खपवू नका, एवढंच.

मोगरा

तारपा, लिहीत राहा. तुमच्या प्रतिसादानंतर आमच्या शाळेतलं गॅदरिंगही डोळ्यांपुढे आलं. तिथे तर वर्गात एकही आदिवासी मुलगा नव्हता आणि नाच दर वर्षी.

सह्यपुत्र

+१ तारपा. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली, वारली चित्रं चहाच्या कपांवर आणि उशांच्या अभ्र्यांवर पोचली, तरी गॅदरिंगमधला कोळसा काही हटला नाही. चित्र हवं, चित्र काढणारा नको.

नदीकाठ

मी न्यू जर्सीत असते. आम्ही कोस्टारिकात तालामान्काला, ब्रिब्रि लोकांच्या भागात गेलो होतो, त्याबद्दल लिहिते. देशात आठ मूळनिवासी समाज आहेत: ब्रिब्रि, काबेकार, मालेकू, बोरुका, तेराबा, न्गाबे, हुएतार, चोरोतेगा. चोवीस राखीव प्रदेश आहेत. त्यातला आम्ही बघितला तो एक छोटा तुकडा.

बांबू नावाच्या गावातून लांबट होडीत बसून नदीने वर योर्किनला जायचं. पाणी कमी असलं की होडीवाला उतरून होडी ढकलतो. पलीकडचा काठ पनामा. होडीवाल्याच्या अंगात फुटबॉलचा टीशर्ट, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. तिथे लहानथोर सगळे हेच बूट घालतात, कारण चिखल आणि साप. (फ्रेमबायफ्रेम, तुम्ही बूट लिहिलेत आणि मी दचकलेच!)

योर्किनला बायकांचा एक गट पाहुण्यांची व्यवस्था बघतो. ब्रिब्रिंमध्ये कूळ आईकडून चालतं, जमीनही आईकडून मुलीकडे जाते. जिच्या घरी आम्ही जेवलो त्या बाईंनी कोको करून दाखवला. बिया लोखंडी कढईत चुलीवर भाजल्या, तडतडायला लागल्या तशा उतरवल्या. मग एका मोठ्या सपाट दगडावर टाकून वरून दुसरा गोलसर दगड, चांगला जड, उचलायचा नाहीच, नुसता डावी-उजवीकडे झुलवायचा. फोलपटं निघाली, ती टोपलीत पाखडून उडवली. थेट आपल्या सुपात पाखडतात तसं. पुन्हा दगडाखाली घातल्यावर तेल सुटून काळा लगदा. माझ्या मुलीने दगड झुलवायचा प्रयत्न केला तर तो तिलाच ओढून न्यायला लागला आणि सगळ्या बायका हसल्या. त्यांच्या कथेत कोकोचं झाड ही मूळची बाई आहे, सिबो या त्यांच्या देवाने तिला झाड केलं. म्हणून विधींसाठी कोको करायचा मान बायकांचा.

आता त्या भागातला तो प्रसंग आठवा, बाईला नटवून एका पुरुषाच्या हवाली करायचा. ज्या देशात तो घडवलाय तिथल्या एका समाजात घर आणि जमीन बाईच्या हातात आहे.

शंकासुर

नदीकाठ, वाचून छान वाटलं. पण एक सावधगिरीची सूचना. कोकोची देवी, आईकडून जमीन, निसर्गाशी एकरूप लोक, हे सगळं सांगता सांगता आपण मिस स्टीव्हन्सच्याच रांगेत जाऊन उभे राहतो. तारपांना पुढे उभं करणाऱ्या बाईही त्याच रांगेतल्या. माझं म्हणणं तेच आहे: आदिवासी म्हटलं की एक तर भाला नाही तर आरती. साउथ पार्कने आरतीवर घाव घातला हे त्याचं मोठं काम आहे, आणि ते मी खाली पडू देणार नाही.

नदीकाठ

@शंकासुर, आरती नको हे शंभर टक्के मान्य. म्हणून दुसरी बाजूही लिहिते. योर्किनला आमच्यासमोर एक वाद झाला. पर्यटक किती आणायचे आणि कोणाच्या घरी उतरवायचे यावरून दोन बायका चांगल्याच तापल्या होत्या. तरुण मुलांना शहरात जायचं आहे. केळीच्या बागांत मजुरीला जाणारे आहेत. तिथे माणसं राहतात, एवढंच. आणि हेच साउथ पार्कला दाखवता आलं असतं! कल्पना करा, बाई मुलांना घेऊन पोचतात, गाणं सुरू करतात, आणि समोर दोन बायका भांडतायत, यांच्याकडे लक्ष द्यायला कोणाला वेळ नाही. आरतीही मोडली असती आणि भालाही लागला नसता.

फ्रेमबायफ्रेम

हा प्रसंग मी आत्ताच्या आत्ता काढून द्यायला तयार आहे.

मोगरा

बुलडोझरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. त्या भागात ते सुटका करतात. कोस्टारिकाच्या दक्षिणेला तेराबा लोकांच्या जमिनीवर 'एल दिकीस' नावाचा जलविद्युत प्रकल्प येणार होता, ६३१ मेगावॉटचा, मध्य अमेरिकेतला सगळ्यात मोठा ठरला असता. तेराबांचं म्हणणं होतं की आम्हाला न विचारता आमच्या जमिनीत यंत्रं घुसवली. संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी जेम्स अनाया २०११मध्ये तिथे जाऊन आले आणि आधी या लोकांशी बोला असं त्यांनी सांगितलं. २०१८मध्ये सरकारी वीज संस्थेने प्रकल्प गुंडाळला. कारणं विजेची मागणी आणि पैसा अशी दिली.

पण जमिनीचा प्रश्न तसाच आहे. १९७७च्या कायद्याप्रमाणे राखीव प्रदेशातली जमीन बाहेरच्या माणसाला विकता येत नाही. प्रत्यक्षात दक्षिणेकडच्या प्रदेशांत मोठा हिस्सा बाहेरच्यांच्या ताब्यात आहे. ती परत घ्यायला लोक उभे राहिले. ब्रिब्रि नेते सर्हिओ रोहास यांना मार्च २०१९मध्ये सालित्रे इथे त्यांच्या घरात गोळ्या घातल्या. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत तेराबांचे हेरी रिवेरा मारले गेले. कोण कोणाला पकडून बांधतंय, हे आता तुम्हीच बघा.

अण्णा_डोंबिवलीकर

मोगरा, हे माहीत नव्हतं. शांत देश, सैन्य नाही, जंगल परत आणलं, एवढंच आपण वाचत असतो. माझ्या वरच्या प्रतिसादात जंगल परत आलं त्याचं कौतुक आहे, ते कोणाच्या जमिनीवर, हे त्यात यायला हवं.

तारेवरची

अवांतर: नदीकाठ, तो लगदा कसा खातात? नुसता कडू लागत असेल ना?

नदीकाठ

@तारेवरची, गरम पाण्यात कालवून पितात. पाहुण्यांना उसाची साखर घालून देतात. आम्ही लगदा पिकलेल्या केळ्याला लावून खाल्ला. कडू असतो, पण दुकानातल्या डार्क चॉकलेटसारखा कोरडा नाही, तुपकट लागतो.

गावकुस

उशिरा आलोय, पण एक राहिलेली गोष्ट. वर नदीकाठ यांच्या यादीत बोरुका हे नाव आहे. त्यांचा दर वर्षी ३० डिसेंबरच्या रात्री सुरू होऊन नवीन वर्षात संपणारा खेळ आहे, 'दियाब्लितोस', म्हणजे छोटे सैतान. गावातले पुरुष लाकडाचे कोरीव मुखवटे चढवतात: सुळे, शिंगं, लाल-हिरवे भडक रंग. बाल्सासारखं हलकं लाकूड, नाहीतर ते तीन दिवस तोंडावर घेऊन नाचणार कसे? समोर येतो बैल, लाकडी चौकटीवर गोणपाट चढवलेला, आत माणूस. बैल म्हणजे स्पॅनिश आक्रमक. सैतान म्हणजे बोरुका स्वतः. घरोघरी हिंडतात, मक्याची चिचा (आंबवलेलं पेय) पितात, बैलाला डिवचतात, बैल त्यांना ढुशा मारतो, लोक हसून लोळतात. शेवटच्या दिवशी बैल एकेक करून सगळे सैतान मारतो. सगळे आडवे. मग ते एकेक करून उठतात, बैलाला शोधून काढतात आणि त्याचा निकाल लावतात.

हे अस्सल विनोदी नाटक आहे. स्पॅनिश लोकांनी यांना सैतान म्हटलं, यांनी तेच सोंग घेऊन त्यांनाच बैल केलं. हे यानागापांच्या शेजारी ठेवून बघा.

चकली_बहाद्दर

म्हणजे मरून पुन्हा उठायचा खेळ केनीच्या कितीतरी आधीपासून कोस्टारिकात चालू आहे!

तारपा

गावकुस, आमच्याकडे बोहाडा असतो. तोंडावर सोंगं चढवून रात्रभर देव आणि राक्षस नाचतात. लांबच्या देशात कोणीतरी तसंच लाकूड तोंडाला बांधतंय हे वाचून बरं वाटलं. त्यांचा बैल बघायला आवडेल.

शंकासुर

गावकुस यांचा प्रतिसाद वाचून मूळ प्रश्नावर परत येतो. रानजाईंनी विचारलं होतं, काल्पनिक आहे म्हणून माफ का? माझं मत अजूनही तेच आहे की तो भाग चांगला आहे आणि बाईंवरचा घाव खरा आहे. पण काल्पनिक जमातीची गरज नव्हती, हे आता म्हणेन. कोस्टारिकाच्याच बोरुकांना आणलं असतं, मुखवट्यासकट, आणि त्यांनी बाईंना बैल केलं असतं, तर विनोद दुप्पट झाला असता. साउथ पार्कच्या लोकांकडे ती ताकद आहे म्हणून हे म्हणतोय, कमी वकुबाच्या लोकांकडून मी ही अपेक्षा केली नसती.

रानजाई

@शंकासुर, यावर आपलं जमलं. मला वाटतं काल्पनिक नावाने एक सोय होते: चुकीला पत्ता राहत नाही. ब्रिब्रि किंवा बोरुका असं नाव घातलं असतं तर कोणीतरी लिहिलं असतं, आम्ही असे नाही. यानागापांच्या वतीने कोण लिहिणार? तारपांनी लिहिलं, पण ते त्यांचं काम नव्हतं.

बाईंच्या गाण्याला मी पुढेही हसेन. जमात पकडते तिथपासून बुलडोझर येईपर्यंतचं मात्र मुलांबरोबर बघताना थांबवून बोलणार आहे, आणि नदीकाठ यांचा दगड आणि गावकुस यांचा बैल त्यांना सांगणार आहे. तारपा, बोहाड्यावर स्वतंत्र धागा काढाल का? सोंगं कोण बनवतं, कुठल्या लाकडाची, कोणत्या क्रमाने येतात, सगळं हवं आहे.

तारपा

काढतो. होळीनंतर गावाला जाणार आहे, तेव्हा फोटोही घेऊन येतो. सोंग चढवणाऱ्यांना आधी विचारीन, हो म्हणाले तर टाकीन.